पेपर कोणी काढायचा?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅमलूप्स शहराला लागून एक तळं आहे. सरकारी नकाशावर त्याचं नाव जॅको लेक. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे सेक्वेपेम्क लोकांसाठी, तो सारा परिसर ‘पिप्सेल’. या नावातच ट्राउट मासा आहे. तळ्याच्या काठाशी एजॅक्स नावाची तांब्या-सोन्याची उघडी खाण येऊ घातली होती. दिवसाला ६५,००० टन खनिज काढायचं, असा बेत होता.

अशा वेळची रीत ठरलेली असते. कंपनी सल्लागार नेमते, सल्लागार अहवाल लिहितो, सरकार तो तपासतं आणि शेवटी स्थानिकांना विचारतं, ‘तुमचं काही म्हणणं?’ आपल्याकडे जनसुनावणीला बसलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. टिकेमलूप्स आणि स्कीचेस्टन या दोन सेक्वेपेम्क समुदायांनी ठरवलं, या वेळी पेपर आपण काढायचा आणि तपासायचाही आपणच.

त्यांनी ४६ जणांचं मंडळ बसवलं. त्यात निवडून आलेले प्रमुख आणि सदस्य होते, तसेच घराण्याघराण्यांचे प्रतिनिधी, वडीलधारे आणि तरुणही होते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही रचना. चार पुढाऱ्यांना एका खोलीत बसवून पटवता येतं. घराण्यानं पाठवलेल्या माणसाला मात्र रात्री जेवताना घरच्यांना उत्तर द्यावं लागतं.

मे २०१६मध्ये मंडळानं सुनावणी घेतली. कंपनीनं आपली बाजू मांडली, तज्ज्ञ बोलले, जाणती माणसं बोलली. या पद्धतीला ते ‘दोन पायांवर चालणं’ म्हणतात. एक पाय विज्ञानाचा: पाणी, धूळ, मासे यांची मोजमापं. दुसरा पाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानाचा. पिप्सेलशी ‘ट्राउटच्या लेकरांची’ एक जुनी कथा जोडलेली आहे. माणूस, जमीन, पाणी आणि आकाश एकमेकांचं देणं लागतात, असं ती सांगते. मंडळानं ही कथा लोककथा म्हणून परिशिष्टात ढकलली नाही, नियम म्हणून समोर ठेवली.

या मांडणीनं प्रश्नच बदलला. खाणीसाठी पीटरसन ओढा वळवावा लागणार होता. शिकाऱ्यांच्या दबा धरून बसायच्या जुन्या जागा नष्ट होणार होत्या. नेहमीच्या अहवालात अशा हानीपुढे उपाय लिहिलेला असतो: इथला अधिवास गेला, तर दुसरीकडे तयार करू. पण तळ्याशी असलेलं नातं दुसऱ्या तळ्यावर कसं नेणार?

४ मार्च २०१७ रोजी समुदायांनी संमती नाकारल्याचं जाहीर केलं. हा नकार सरकारवर कायद्यानं बंधनकारक नव्हता. तरी त्याच डिसेंबरात प्रांत सरकारनं आणि जून २०१८मध्ये केंद्र सरकारनंही प्रकल्प फेटाळला.

असं मूल्यमापन म्हणजे दरवेळी नकारच, असं मात्र नाही. याच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या स्क्वामिश समुदायानं वुडफायबर या नैसर्गिक वायू प्रकल्पाची स्वतः तपासणी केली आणि २०१५मध्ये २५ अटी घालून होकार दिला. प्रकल्पाची यंत्रं समुद्राच्या पाण्यानं थंड करायची मूळ योजना होती. तिथल्या खाडीत हेरिंग मासा नुकता परतू लागला होता आणि या योजनेनं त्याला धोका होईल, अशी भीती होती. शीतकरण कोणत्या पद्धतीनं व्हावं हे समुदायानं ठरवायचं, अशी अट पडली आणि समुदायानं हवेनं थंड करण्याची पद्धत निवडली.