श्रोत्यांसाठी घडलेली एक शास्त्रीय संज्ञा

शास्त्रज्ञ जेव्हा नभोवाणीद्वारे सामान्य जनांशी प्रत्यक्ष बोलू लागतो, तेव्हा त्यास दोन भाषाव्यवहारांत एकाच वेळी वावरावे लागते. परिभाषेत शब्दाचा अर्थ व्याख्येने नियत झालेला असतो. श्रोत्याच्या मनात तो व्यवहारातील साहचर्यांनी ठरतो. या दोहोंतील अंतराचे बोधप्रद उदाहरण म्हणजे ‘बिग बँग’ ही संज्ञा होय.

२८ मार्च १९४९ रोजी बी.बी.सी.वरील व्याख्यानात फ्रेड हॉइल यांनी हा शब्दप्रयोग केला. हॉइल हे स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे एक प्रवर्तक. विश्वास आरंभक्षण आहे, हे मत त्यांस मान्य नव्हते. त्या मताचे वर्णन त्यांनी दोन एकाक्षरी शब्दांत केले. त्यांत उपहास होता, असे पुढे अनेकांनी म्हटले. श्रोत्यांपुढे चित्र उभे राहावे एवढाच हेतू होता, असा हॉइल यांचा खुलासा होता. ते काहीही असो. ‘ब’काराची पुनरावृत्ती आणि ‘बँग’मधील ध्वन्यनुकरण पाहता हा शब्द कानासाठीच घडला, हे उघड आहे.

१९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि हॉइल यांचा पक्ष दुर्बळ ठरला. प्रतिपक्षास त्यांनी दिलेले नाव मात्र रूढ झाले. १९९३ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाने पर्यायी नावासाठी स्पर्धा ठेविली. तेरा हजारांवर सूचना आल्या. परीक्षकांस त्यांपैकी एकही अधिक समर्पक वाटली नाही.

शब्दाबरोबर गैरसमजही टिकला. रिकाम्या अवकाशात एका ठिकाणी काही फुटले, असे या सिद्धान्ताचे म्हणणे नाही. त्यानुसार अवकाशच प्रसरण पावते, व त्या प्रसरणास केंद्र नाही. मराठी ‘महास्फोट’ शब्दात मुळातील ध्वन्यनुकरण लोपले, गैरसमज तेवढा उरला. ‘स्फुट्’ धातूस ‘उमलणे’ हाही अर्थ आहे, आणि वैयाकरणांचा ‘स्फोट’ अर्थ प्रकट करणारा आहे. परंतु आजच्या मराठी श्रोत्यास ‘स्फोट’ म्हणताच सुरुंग आठवतो.

यावरून शास्त्रज्ञाने चित्रमय शब्द टाळावेत, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तशा शब्दांवाचून श्रोता ऐकणारच नाही. परंतु प्रत्यक्ष संवादात मध्ये कोणी भाष्यकार नसतो, आणि शास्त्रज्ञाच्या मुखातील शब्दास त्याच्या अधिकाराचे बळ असते. म्हणून उपमा कोठे संपते, हेही त्यानेच त्याच श्वासात सांगितले पाहिजे. स्फोटास केंद्र असते, येथे ते नाही, एवढे एक वाक्य त्यास पुरेसे आहे.