पाळणा टांगायचा कुठं?

माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता. लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याकडचं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांची किलचण आणि सगळ्यांत वर मातीचा थर. बाळंतीण घरी आली की तुळईला दोर टाकायचा आणि पाळणा अडकवायचा. लेकराचं निम्मं फर्निचर घरानंच आधी करून ठेवलेलं असे.

उरलेलं निम्मं गावचा सुतार करी. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 सालचं. त्यातल्या बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळीतला, पण त्याचं बलुतं मुख्यतः नांगर, वखर, तिफण यांच्यासाठी. पाळणा-पांगुळगाडा हे वरकड काम. लाकूड घरमालकानं द्यायचं. लातूरकडं जंगल नावापुरतं, म्हणून बांधावरची बाभूळ नाहीतर कडुनिंब. नांदेडकडं किनवट-माहूरचं सागवान. बाभळीचा ओंडका आधी पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे कीड कमी लागे. मग वाकस, करवत, रंधा, पटाशी. सगळं अंगणात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

पांगुळगाडा जवळून बघण्यासारखी वस्तू आहे. मागं दोन चाकं, पुढं एक, आणि लेकराच्या छातीला येईल अशी उभी चौकट. चाक फार मोकळं फिरलं तर गाडी पुढं पळते आणि मूल तोंडावर पडतं. फार घट्ट बसलं तर गाडी हलतच नाही. सारवलेल्या जमिनीवर ते जमून जाई, जमीनच जरा ओढून धरी. शहाबादी फरशी आली नि गाडी पळू लागली. फरशीचा हा दोष सुताराच्या माथी मारणारे पुष्कळ भेटतील.

खास मुलांच्या मापाचं फर्निचर ही गोष्ट निराळी. 1907 मध्ये शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तेव्हा मुलाला स्वतः हलवता येईल अशा हलक्या, ठेंगण्या टेबल-खुर्च्या त्यांनी करून घेतल्या. तो विचार मराठी बालवाड्यांत रुजवला ताराबाई मोडकांनी. आपल्याकडचा पाट मुलांसाठी म्हणून कुणी केला नव्हता. पण दीड वर्षाचं पोर तो ओढत नेऊन आजीच्या शेजारी मांडतंच की!

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जीव घेतले ते मुख्यतः दगड-मातीच्या भिंतींनी. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया मात्र उभ्या होत्या. पण माणसांची भीती अख्ख्या माळवदावर बसली, आणि त्यात नवल नाही. पन्नासावर गावं नव्या जागी वसली, सिमेंटची घरं आली. तिथं वर तुळई नाही. स्लॅबमध्ये कडी सोडायची आठवण राहिली तर पाळणा टांगायचा, नाहीतर लोखंडी स्टँड आणायचा.

नांदेडात हाच बदल सावकाश झाला. 2008 च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या आधी शहराचे रस्ते रुंद झाले. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट तर आधीपासूनच उठत होती. लातुरात शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’नं लेकराच्या फर्निचरचा अर्थच पालटला. आता सुताराला बोलावणं येतं ते स्टडी टेबलासाठी. प्लायवूड, वर सनमायका, कडेला पट्टी. सरळ रेषेचं काम, दोन-तीन दिवसांत उरकतं. त्यात वाईट काही नाही. फक्त पाचवीतल्या पोराला दहावीच्या मापाचं टेबल करतात आणि वर्षानुवर्षं त्याचे पाय लोंबकळत राहतात. पाय ठेवायला खाली एक आडवी पट्टी ठोकली असती तरी भागलं असतं.

हल्ली नातवंडासाठी माळ्यावरचा जुना पाळणा पुन्हा खाली येऊ लागला आहे. येऊ द्या, पण दोन गोष्टी बघा. कठड्याच्या पट्ट्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. आणि पाळण्याला ऑइलपेंट असेल तर तो कधीचा, हे घरात विचारा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडं 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर तो घरात कोरड्या पॉलिशपेपरनं घासू नका. रंगाच्या पापुद्र्यापेक्षा ती धूळ जास्त वाईट.