उंबरठ्याबाहेरच्यांची पाठशाळा

१८६५ सालचा हिवाळा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही महिने झाले होते. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावात बॅप्टिस्ट पंथाची सेमिनरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा सात विद्यार्थी आले. उपदेश कसा तयार करावा, या विषयाला त्यांतला एकच बसला आणि तो अंध होता. शिक्षक होते जॉन ब्रॉडस. एकट्या विद्यार्थ्यासमोर चार गोष्टी तोंडी सांगून त्यांना वेळ मारून नेता आली असती. पण ऐकूनच ध्यानात ठेवावं लागणाऱ्या त्या एकासाठी त्यांनी प्रत्येक व्याख्यान नव्यानं बांधलं. त्या व्याख्यानांतूनच १८७० साली त्यांचा उपदेशशास्त्रावरचा ग्रंथ तयार झाला आणि पुढं कित्येक पिढ्यांच्या पाळकांनी तो अभ्यासला.

मला ही गोष्ट फार आवडते, आणि ती अस्वस्थही करते. कारण ज्या घरात एका अंध विद्यार्थ्यासाठी एवढे कष्ट घेतले गेले, त्या घराचे चारही संस्थापक गुलामांचे मालक होते. बॅप्टिस्ट सेमिनऱ्यांचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास वाचताना हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. कुणी तरी दाराबाहेर उभं असतं. कधी त्याला आत घेतलं जातं, कधी नाही.

आपल्याकडच्या वाचकाला ‘बॅप्टिस्ट’ हे नाव तसं परकं. मराठी ख्रिस्ती समाज घडला तो बहुतांशी कॅथलिक, अँग्लिकन, स्कॉटिश आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरांतून. बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा मिळतो. वर हुकूम सोडणारा बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपल्या कारभारापुरती स्वतंत्र, पाळक निवडायचा तोही तिनंच. पवित्र शास्त्र वाचण्याचा आणि समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक विश्वासणाऱ्याला.

मग अशा पंथाला सेमिनरी हवी कशाला? हा प्रश्न बॅप्टिस्टांनी स्वतःलाच अनेकदा आणि कळकळीनं विचारला आहे. देवाचं पाचारण झालेल्या माणसाला ग्रीक व्याकरणाची काय गरज, पवित्र आत्मा बोलायला शिकवीलच, असं म्हणणारे प्रत्येक पिढीत होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, पढीक पण कोरडे पाळक प्रत्येक पंथानं पाहिलेत. तरी मला वाटतं, पाचारण ही अभ्यासाची सुट्टी नव्हे. ज्याला लोकांच्या मरणाच्या आणि लग्नाच्या घरी उभं राहून बोलायचं आहे, त्यानं आपण काय बोलतो आहोत ते आधी नीट शिकायला हवं.

ही सोय करणारा पहिला माणूस ब्रिस्टलचा. एडवर्ड टेरिल हा तिथल्या ब्रॉडमीड मंडळीतला सधन गृहस्थ. त्या काळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. ती आडकाठी बव्हंशी दूर झाली ती थेट १८७१ साली. टेरिलनं १६७९ मध्ये आपल्या मालमत्तेतली व्यवस्था लिहून ठेवली ती अशी की, हिब्रू आणि ग्रीक उत्तम जाणणारा एक शिक्षक असावा आणि त्यानं तरुणांना सेवेसाठी तयार करावं. त्यातून उभं राहिलेलं ब्रिस्टल बॅप्टिस्ट कॉलेज हे या पंथाचं जगातलं सर्वांत जुनं विद्यालय. ज्यांना विद्यापीठानं घेतलं नाही, त्यांनी आपलं बांधलं. त्यापुढची गोष्ट तर आपल्या मराठीपर्यंत येते.

नॉर्थॅम्प्टनशरमधला विल्यम कॅरी जोडे शिवायचा. कॉलेजची पायरी तो चढला नव्हता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू हे त्यानं जवळजवळ स्वतःच, काम करता करता शिकून घेतलं. १७९३ मध्ये तो बंगालात आला. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये त्यानं हुगळीकाठच्या श्रीरामपुरात, म्हणजे डेन्मार्कच्या वसाहतीत, आसरा घेतला. जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे त्याचे सोबती. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. बंगाली आणि संस्कृतबरोबर पुढं तो तिथं मराठीही शिकवू लागला.

१८०५ मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण निघालं आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी शब्दकोश. या कामात त्याचा आधार होता नागपूरकडचा पंडित वैजनाथ शर्मा. वैजनाथांविषयी आपण फार कमी लिहिलं आहे, याची मला खंत वाटते. शब्दकोशावर नाव कॅरीचं आहे, पण कोणता शब्द कुठं चालतो आणि कुठं हास्यास्पद ठरतो, हे सांगणारा कान वैजनाथांचा होता. श्रीरामपूरचा मराठी नवा करार १८११ मध्ये छापून झाला. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना मात्र तो इकडच्या लोकांपुढं ठेवण्याजोगा वाटला नाही. त्यातलं मराठी नागपुरी वळणाचं होतं. त्यांनी आपलं भाषांतर वेगळं केलं आणि १८२६ मध्ये छापलं. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात मोठा धडा आहे. मूळ ग्रीक कितीही पक्कं असलं, तरी समोरच्या माणसाच्या बोलीशी गाठ पडल्याशिवाय शुभवर्तमान पोचत नाही.

१८१८ मध्ये या तिघांनी श्रीरामपूर कॉलेज काढलं. सुरुवातीला सदतीस विद्यार्थी होते, त्यांतले सगळे ख्रिस्ती नव्हते. पौर्वात्य साहित्य आणि पाश्चात्त्य विज्ञान, दोन्ही शिकवायचं होतं. शिकवण्याची भाषा मुख्यतः बंगाली, आणि संस्कृतला मानाचं स्थान. अलेक्झांडर डफनं कोलकात्यात इंग्रजीतून शिकवणारी शाळा काढली ती १८३० मध्ये, आणि जमाना पुढं त्याच वाटेनं गेला. पण मला श्रीरामपूरचा विचार अधिक खोल वाटतो. भारतीय उपदेशकाला आपल्या लोकांचे ग्रंथ ठाऊक हवेत, त्यानं आपल्याच भाषेत विचार करावा, असा तो आग्रह होता. जात, वर्ण किंवा देश यांवरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही, हे कॉलेजच्या नियमांतच घातलं होतं.

१८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये डेन्मार्कनं श्रीरामपूर ब्रिटिशांना विकलं तेव्हाही ती सनद अबाधित राहिली. गंमत अशी की एवढा अधिकार हाती असून ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ मध्ये. प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी त्या जुन्या सनदेत जीव भरला. १९१८ च्या कायद्यानं सेनेट स्थापन झालं आणि त्यात बॅप्टिस्टांबरोबर इतर पंथांनाही जागा मिळाली. आज देशभरातली ईश्वरविज्ञानाची अनेक महाविद्यालयं या सेनेटशी संलग्न आहेत. यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांतलीच. तिथल्या मुलाच्या पदवीमागं कॅरीच्या कॉलेजची सनद असते, हे पुणेकरांना क्वचितच ठाऊक असतं.

चामड्याचं काम करणाऱ्यांची आणखी एक हकिकत आंध्रातल्या ओंगोलची आहे. तिथं जॉन क्लॉ या अमेरिकन बॅप्टिस्टाकडं मादिगा समाजाचे लोक येऊ लागले. हा चामड्याचं काम करणारा, गावकुसाबाहेरचा समाज. वरच्या जातींतल्या काहींनी कळवलं की यांना घेऊ नका, म्हणजे आम्ही येऊ. क्लॉ पतिपत्नींनी मादिगांना परत पाठवायला नकार दिला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात क्लॉनं बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचा ठेका घेतला आणि उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली. त्या काळात त्यानं बाप्तिस्मे थांबवले होते. भाकरीसाठी कुणी धर्म बदलला असं व्हायला नको, हे त्यामागचं कारण. मग ३ जुलै १८७८ ला एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या मंडळ्यांना पाळक कुठून आणायचे? रामपट्टणम इथं त्याआधीच तेलुगू बॅप्टिस्टांची सेमिनरी निघाली होती. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर बघू दिलं नव्हतं, ते तिथं शास्त्र शिकायला बसले. त्या पहिल्या वर्गांची कल्पना केली की मला भरून येतं.

अमेरिकेत याच सुमाराला त्याहून विलक्षण काही घडत होतं. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात रॉबर्ट लम्पकिन नावाचा गुलामांचा व्यापारी होता. विक्रीआधी माणसं कोंडून ठेवायला त्याचा एक तुरुंग होता. बोस्टनला पळून गेलेला अँथनी बर्न्स १८५४ मध्ये पकडून परत आणला गेला, तेव्हा त्याला तिथंच साखळदंडात ठेवलं होतं. पुढं बोस्टनच्या एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळीच्या पुढाकारानं पैसे जमवून त्याला सोडवण्यात आलं, आणि तो कॅनडात बॅप्टिस्ट पाळक झाला. लम्पकिन वारल्यावर जागा मेरी लम्पकिनच्या नावे झाली. ती स्वतः त्याची गुलाम होती आणि त्याच्या मुलांची आई. १८६७ मध्ये नाथानिएल कोल्व्हर हा वयस्क पाळक मुक्त झालेल्या गुलामांतून उपदेशक तयार करण्यासाठी जागा शोधत होता. कुणी देईना. मेरीनं तो तुरुंगच त्याला भाड्यानं दिला. ज्या राज्यात कृष्णवर्णीयांना जमवून वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता, तिथं माणसं कोंडण्याच्या आवारात शास्त्राचे वर्ग भरू लागले. आजचं व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ त्यातूनच वाढलं. सेमिनऱ्यांच्या इतिहासात मेरी लम्पकिनचं नाव कॅरीच्या शेजारी लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

ग्रीनव्हिलची सेमिनरी १८७७ मध्ये लुइव्हिलला गेली. तिथं १८७९ मध्ये क्रॉफर्ड टॉय या जुन्या कराराच्या विद्वान प्राध्यापकाला राजीनामा द्यावा लागला. शास्त्रग्रंथ ऐतिहासिक पद्धतीनं वाचायचे, या त्याच्या भूमिकेवरून वाद पेटला होता. हा पेच आजही प्रत्येक सेमिनरीत पहिल्या-दुसऱ्या वर्षी उभा राहतो. लहानपणापासून तोंडपाठ असलेली उत्पत्तीची कथा विद्यार्थी प्रथमच हिब्रूतून वाचतो. सृष्टीची दोन वर्णनं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा क्रम वेगळा आहे, हे त्याच्या ध्यानात येतं. काहींची झोप उडते. चांगला शिक्षक इथं घाईनं उत्तर देत नाही. तो विद्यार्थ्याबरोबर त्या पानावर थांबतो. असं थांबायला जो शिकला, तोच पुढं मूल गेलेल्या आईजवळ गप्प बसू शकतो. म्हणून क्रियापदांच्या रूपांइतकंच रुग्णालयातल्या खाटेशेजारचं शिक्षण आज अनेक ठिकाणी अभ्यासक्रमात असतं, आणि रविवारी कुठल्या तरी लहानशा मंडळीत जाऊन काम करणंही.

१९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावच्या क्रोझर सेमिनरीत एकोणीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग दाखल झाला. तिथं त्यानं वॉल्टर राउशनबुश वाचला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत अकरा वर्षं पाळक राहिलेला, लहान मुलांच्या शवपेट्या पाहून हादरलेला हा बॅप्टिस्ट पुढं रॉचेस्टरच्या सेमिनरीत शिकवत होता. पाप केवळ एकेका माणसात नसतं, ते समाजाच्या व्यवस्थेतही मुरतं, हे त्याचं सांगणं. याच काळात फिलाडेल्फियात मोर्डेकाय जॉन्सन यांचं गांधीजींवरचं व्याख्यान किंगनं ऐकलं आणि तो गांधीजींची पुस्तकं घेऊन वाचू लागला. १९५९ मध्ये तो मुंबईत आला, तेव्हा मणिभवनात राहिला. १९६१ मध्ये लुइव्हिलच्या त्याच सेमिनरीत तो बोलला. कृष्णवर्णीयांना तिथं रीतसर वर्गात बसता येऊ लागून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्याला बोलावलं म्हणून काही मंडळ्यांनी सेमिनरीची मदत रोखली.

स्त्रियांची हकिकत अजून पुरी झालेली नाही. १९१९ मध्ये व्हायोलेट हेजरला लंडनच्या रीजंट्स पार्क कॉलेजात पाळकपदाच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. हेलन बॅरेट मॉन्टगोमेरी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्दर्न बॅप्टिस्टांची अध्यक्ष झाली आणि १९२४ मध्ये तिनं केलेलं नव्या कराराचं ग्रीकवरून भाषांतर प्रसिद्ध झालं. उलट सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पाळकपद पुरुषांपुरतं असल्याचं नोंदवलं. ईशान्य भारतात, जिथं नागालँडसारखं राज्य बहुसंख्य बॅप्टिस्ट आहे, ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. पाळकपदाची दीक्षा मिळालेल्या मोजक्या. दार उघडून वर्गात घ्यायचं आणि मग व्यासपीठाच्या पायरीशी थांबवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्यांना स्वतःला ऑक्सफर्डच्या दाराशी थांबवलं गेलं, त्यांच्या वारसांना तर ते आधी कळायला हवं.

कारण या पंथात शेवटचा शब्द सेमिनरीचा नसतोच. ती पदवी देते, पाळक करत नाही. पदवी घेऊन तरुण माणूस मंडळीपुढं येतो. आपलं पाचारण कसं झालं ते सांगतो. आसपासचे पाळक आणि जाणती माणसं त्याला प्रश्न विचारतात. मंडळी आपलं मत देते. मग तो गुडघे टेकतो आणि लोक पुढं होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात.