जाताना एक चित्र

दहावीची तुकडी शाळेचा निरोप घेताना काहीतरी भेट देऊन जाते. भिंतीवरचं घड्याळ, पंखा, सरस्वतीची तसबीर. वर्गणी मुलं काढतात, वस्तू बहुधा सर ठरवतात. १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या गार्डीना हायस्कूलचे मुख्याध्यापक जॉन व्हाइटली यांनी यात दोन बदल केले. भेट म्हणून शाळेला एक अस्सल चित्र द्यायचं, छापील प्रत नाही. आणि ते कोणतं, हे मुलांनी ठरवायचं.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं गार्डीना तेव्हा शेतकऱ्यांचं गाव होतं. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी त्याचं नाव होतं. अशा गावातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी चित्रकारांकडे जायचं, चित्रं पाहायची, आपसांत बोलायचं, मत द्यायचं आणि चित्र विकत घ्यायचं. हे १९५६ पर्यंत चाललं. शाळेतून वर्षाला दोन तुकड्या बाहेर पडत, एक हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात. बघता बघता शाळेच्या भिंतींवर सत्तरच्या आसपास चित्रं झाली.

काळही अनुकूल होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हानं दूरदूरचे चित्रकार ओढून आणले होते. स्टुडिओची खोली सोडून ते डोंगरात, समुद्रकाठी, निलगिरीच्या झाडांखाली घोडी मांडून रंगवत. विल्यम वेंट मूळचे जर्मनीचे; डोंगरउतारांचे हिरवे-तपकिरी पट्टे ते रुंद, चौकोनी फटकाऱ्यांनी बांधत. एडगर पेन सिएरा नेवाडाच्या कड्यांसाठी ओळखले जात. फ्रान्झ बिशॉफ ऑस्ट्रियात जन्मलेले, चिनी मातीच्या भांड्यांवर गुलाब रंगवण्यात नाव कमावलेले, आणि मग निसर्गचित्रांकडे वळलेले. तिघांचीही चित्रं या संग्रहात आहेत. आज त्यांच्या चित्रांना लिलावात मोठी किंमत येते. मुलांनी घेतली तेव्हा हे चित्रकार जवळच्याच शहरांत राहत होते आणि त्यांच्या दारात जाता येत होतं.

१९२८ पासून या खरेदीला वार्षिक प्रदर्शनाचं रूप आलं. चित्रकार आपलं काम शाळेत पाठवत, गाव ते पाहायला येई आणि शेवटच्या वर्षाची मुलं त्यातून निवड करत. मला या व्यवहारातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. चित्र नुसतं पाहणं आणि दहांतून एक घेण्यासाठी पाहणं यात फार अंतर आहे. घ्यायचं म्हटलं की माणूस पुन्हा जवळ जातो, मागे सरतो, शेजारच्याला विचारतो. ‘आवडलं’ एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्याला पटवायचं तर का आवडलं तेही सांगावं लागतं. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांनी चित्र काढणारे हात पिढ्यान्‌पिढ्या घडवले, आणि त्याचं श्रेय मोठं आहे. पण चित्र निवडण्याची परीक्षा आपल्या शाळांनी मुलांसमोर कधी ठेवली नाही, आणि ही उणीव मला फार खुपते.

मुलांनी निवडलं काय, तर बरंचसं आपल्याभोवतीचं. टेकड्या, समुद्र, वाळवंट. युरोपात तेव्हा चित्रकलेत चाललेल्या उलथापालथीचा त्यात मागमूस क्वचितच दिसतो. काहींना ही निवड जपून केलेली वाटेल. पण शेतात वाढलेल्या मुलांनी आपल्याच मातीचं चित्र शाळेला द्यावं, यात मला त्यांची नजर दिसते, भीती नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत हा संग्रह वेगळाच भासू लागतो. गार्डीनात जपानी वंशाची शेतकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. फेब्रुवारी १९४२ मधल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावून छावण्यांत नेण्यात आलं. त्यांत शाळेत जाणारी मुलंही होती. १९४४ च्या उन्हाळी तुकडीला मेनार्ड डिक्सन यांचं ‘मेन ऑफ द रेड अर्थ’ हे चित्र आवडलं: लाल मातीचं मोकळं रान आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी. या तुकडीबरोबर बसायची ती काही मुलं तेव्हा कुंपणाआड होती, हे मनात ठेवून त्या चित्रापुढे उभं राहिलं की पाय लवकर हलत नाहीत.

असंच काहीसं यूटा राज्यातल्या स्प्रिंगव्हिलमध्येही घडलं. तिथे १९०३ साली जॉन हाफेन आणि सायरस डॅलिन या कलावंतांनी आपलं काम हायस्कूलला दिलं आणि पुढे मुलांनी खरेदी सुरू ठेवली. ‘आर्ट क्वीन’ निवडण्यासाठी एका मताला एक पेनी घेऊन तीही पैसे उभे करत. १९३७ मध्ये या संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि आज ते नावाजलेलं संग्रहालय आहे.

गार्डीनाला अशी इमारत लाभली नाही. १९५६ मध्ये शाळा नव्या आवारात गेली, खरेदी थांबली आणि चित्रं बराच काळ लोकांच्या नजरेआड राहिली. भिंत सुटली की चित्राची आठवणही सुटते. पण माजी विद्यार्थ्यांनी ती सुटू दिली नाही. संग्रहासाठी त्यांनी संस्था उभी केली. १९९९ मध्ये चित्रांचं प्रदर्शन भरलं. २०१९ मध्ये, पहिल्या खरेदीला शंभर वर्षं होताना, कॅलिफोर्नियातल्या हिल्बर्ट संग्रहालयात ती ‘गिफ्टेड’ या नावानं पुन्हा मांडली गेली.

अशा प्रदर्शनात चित्राखालच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव असतं, साल असतं, आणि त्याखाली देणाऱ्याचं नाव. बहुतेक संग्रहालयांत तिथे कुणा धनिकाचं किंवा विश्वस्त निधीचं नाव दिसतं. डिक्सनच्या चित्राखाली असतं: उन्हाळी तुकडी, १९४४.