गर्दुल्ल्याला तुरुंग नको, उपचार हवा

पोरगा गर्दच्या आहारी गेला की घरचे बदनामीला आणि पोलिसांना भिऊन गप्प बसतात. शाळा सुटलेली, हाताला काम नाही, तिथेच विक्रेत्याचे फावते. पुढे घरात चोऱ्या, एकाच सुईतून एचआयव्ही.

बांधवांनो, कायदा समजून घ्या. एनडीपीएस कायदा, १९८५ चे कलम २७ सेवनाला शिक्षा सांगते. पण कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाईन आहे.

विहारात पाचवे शील आपण म्हणतो. आता त्या पोराचा हात धरून त्याला दवाखान्यात नेऊ या.