शब्द, सौदा आणि कायदा

मुद्रांकाच्या कागदावर सही झाल्याखेरीज करार होत नाही, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही घट्ट रुजलेली आहे. वणी-दिंडोरी भागात द्राक्षांचा हंगाम आला की या समजुतीची किंमत अनेक बागाईतदारांना मोजावी लागते. व्यापारी बागेत येतो, घड पाहून किलोचा भाव सांगतो आणि बागाईतदार होकार देतो. काढणीपर्यंत बाजार उतरला, की तोच व्यापारी भाव पाडून मागतो किंवा फिरकतच नाही. लिहून घेतले नव्हते, म्हणून आपला इलाज नाही, असे मानून शेतकरी गप्प बसतो.

कायदा मात्र असे म्हणत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्यानुसार एकाने प्रस्ताव मांडावा व दुसऱ्याने तो स्वीकारावा. दोघे सज्ञान असावेत, संमती मोकळी असावी, मोबदला असावा आणि हेतू वैध असावा. जमिनीच्या विक्रीला लेख व नोंदणी लागते. मालाच्या साध्या विक्रीला तोंडी शब्दही पुरतो. मात्र स्वीकृती निरपवाद हवी. व्यापाऱ्याने चाळीस रुपये सांगितले आणि शेतकऱ्याने बेचाळीस मागितले, तर ती स्वीकृती नव्हे, नवा प्रस्ताव होय.

प्रस्ताव मागे घेता येतो. प्रश्न कोठवर, हा आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात पडले की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. स्वीकारणाऱ्याला मात्र ते पत्र पोहोचण्यापूर्वी आपला शब्द परत घेता येतो. बाजार आवारातील लिलावालाही असाच नियम आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही.

दूरध्वनीवरील सौद्यांचा निर्णय विदर्भातील एका प्रकरणात लागला. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया गिरणीकडे सरकीच्या पेंडीची मागणी दूरध्वनीवरून केली व गिरणीने ती मान्य केली. पुढे वाद झाला तेव्हा, करार नेमका कोणत्या गावी झाला, हा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली बहुमताने ठरविले की, होकार जेथे ऐकू आला तेथे, म्हणजे अहमदाबादेस, करार झाला. दावा कोठे दाखल करायचा, याच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध असतो. परप्रांतीय व्यापाऱ्याशी फोनवर सौदा करणाऱ्या वणीच्या शेतकऱ्याने हे ध्यानी ठेवावे. प्रस्ताव त्याचा आणि होकार व्यापाऱ्याचा असेल, तर करार वणीत होतो.

एकदा करार झाला की माघार ही माघार राहत नाही. तो करारभंग ठरतो. ठरलेला भाव आणि करारभंगाच्या वेळचा बाजारभाव यांतील तफावत भरपाई म्हणून मागता येते. परंतु येथेच अर्थशास्त्र आडवे येते. न्यायालयाला वर्षे लागतात. पक्व द्राक्षांपाशी थोडेच दिवस असतात. भाव पडण्याची जोखीम सौद्याने व्यापाऱ्याकडे गेलेली असते. ती तो शेतकऱ्यावर पुन्हा ढकलतो, कारण नाशवंत मालाचा मालक थांबू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून कागदाची गरज करार होण्यासाठी नसली, तरी तो सिद्ध करण्यासाठी निश्चित आहे. भाव, अंदाजे वजन, काढणीची तारीख आणि पैसे देण्याची मुदत, एवढ्या चार गोष्टी चिठ्ठीवर किंवा भ्रमणध्वनीच्या संदेशात नोंदवून दुसऱ्याचा होकार घ्यावा व इसार पदरात पाडावा. गावातील शिक्षक, कारकून व महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी ही चिठ्ठी लिहून देण्याचे काम हंगामात अंगावर घेतले, तर कायद्याने दिलेला हक्क बागेच्या बांधापर्यंत पोहोचेल.