नाव घेतलं, पण कशासाठी?

जगातल्या आघाडीच्या 'दोन टक्के शास्त्रज्ञां'ची यादी आली की आपल्याकडे कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्स लागतात. प्राध्यापकांचा फोटो, खाली 'जागतिक क्रमवारीत स्थान', बाजूला संस्थाचालकांचे फोटो. यादीला सर्रास 'स्टॅनफर्डची यादी' म्हणतात. प्रत्यक्षात ती तिथले एक प्राध्यापक जॉन इओअनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या डेटाबेसमधल्या सायटेशन्सवरून, म्हणजे इतर संशोधकांनी पेपरचं नाव घेतल्याच्या नोंदींवरून, काढतात. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र क्रमवारीच्या त्या आकड्याच्या आत डोकवावंसं वाटलं, म्हणून या आठवड्यात एकाच संशोधकाचे पेपर समोर घेऊन बसले. एमआयटीतल्या एमी फिंकेलस्टाइन या आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ. अर्थशास्त्रातला मानाचा जॉन बेट्स क्लार्क पुरस्कार त्यांना २०१२ साली मिळाला.

त्यांचं सर्वात गाजलेलं काम अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं. २००८ मध्ये त्या राज्याकडे गरिबांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेडमध्ये, सुमारे १० हजार जागा होत्या आणि नाव नोंदवलं जवळपास ९० हजार लोकांनी. सरकारने सोडत काढली. कुणाला विमा मिळाला, कुणाला नाही, हे केवळ नशिबाने ठरलं. अर्थशास्त्रज्ञाला याहून स्वच्छ तुलना मिळणं कठीण.

या एका सोडतीतून पेपरांची मालिका निघाली. २०१२ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात पहिला मोठा पेपर आला, त्यात फिंकेलस्टाइन यांचं नाव सर्वात आधी. २०१३ मध्ये पुढचा पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला तेव्हा पहिलं नाव सहकारी कॅथरीन बायकर यांचं आणि फिंकेलस्टाइन सर्वात शेवटी. वैद्यकात शेवटचं नावही मानाचं असतं, ते काम उभं करणाऱ्याचं. अर्थशास्त्रात मात्र रूढी अशी की नावं बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची, क्रमावरून कुणाचा वाटा किती ते कळतच नाही. इओअनिडिस यांच्या गणितात पहिल्या आणि शेवटच्या नावाला जास्त वजन आहे. मग अर्थशास्त्राच्या पेपरात ज्यांचं आडनाव मधल्या अक्षराचं, त्यांनी काय करायचं? लिरान आयनाव आणि लीट यारिव या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आडनावाच्या अक्षराचा परिणाम तपासला. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावाच्या प्राध्यापकांना कायम नोकरी मिळण्याची शक्यता जास्त दिसली. मानसशास्त्रात अक्षरक्रमाची रूढी नाही, तिथे हा फरकही दिसला नाही. हेच आयनाव आज आरोग्यविम्यावर फिंकेलस्टाइन यांच्यासोबत लिहितात, आणि त्यांच्या पुस्तकावर आयनाव आधी, फिंकेलस्टाइन नंतर. अर्थात अक्षरक्रमाने.

पण नावाच्या क्रमाहून मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की सायटेशन मोजताना कुणी नाव घेतलं एवढंच मोजलं जातं, कशासाठी घेतलं ते नाही. ऑरेगनचे निष्कर्ष बघा. विमा मिळालेल्यांच्या डोक्यावरचं दवाखान्याचं कर्ज कमी झालं, नैराश्याचं प्रमाण घटलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत मात्र दोन वर्षांत ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. विमा मिळाला की लोक वेळेवर डॉक्टरांकडे जातील आणि इमर्जन्सीतली गर्दी ओसरेल असं अनेकांना वाटत होतं. २०१४ च्या 'सायन्स'मधल्या पेपरात तिथल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. मेडिकेड वाढवा म्हणणारे कर्ज आणि नैराश्याचे आकडे देतात, नको म्हणणारे रक्तदाबाचे. दोघांचीही सायटेशन्स एकाच खात्यात जमा होतात.

फिंकेलस्टाइन यांचा मला सर्वात जास्त आवडलेला पेपर २०२० चा आहे, आणि त्याचा धागा आपल्या यवतमाळपर्यंत येतो. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात जेफ्री ब्रेनर या डॉक्टरांनी एक प्रयोग उभा केला होता. वारंवार ॲडमिट होणारे, खर्चाचा डोंगर उभा करणारे रुग्ण हुडकायचे, परिचारिका आणि समाजसेवक त्यांच्या घरी पाठवायचे, औषधं, घर, कागदपत्रं सगळं बघायचं. २०११ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांनी. उमरखेड तालुक्यातलं उटी हे त्यांच्या वडिलांचं गाव. लेखानंतर हा प्रयोग देशभर पोचला, ब्रेनर यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली. सहा महिन्यांत पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण कार्यक्रमातल्या गटात ६२.३ टक्के, बाहेरच्या गटात ६१.७ टक्के. फरक नाही. आधी पुन्हा ॲडमिट होण्यात जी घट दिसत होती, ती दोन्ही गटांत सारखीच होती. अंगात ताप फणफणला की आपण डॉक्टरकडे धावतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरतो. पुष्कळदा तो तसाही उतरणार असतो, श्रेय मात्र गोळीला जातं. कॅम्डेनमध्येही रुग्ण त्यांच्या सर्वात वाईट दिवसांत निवडले जात होते.

विशेष हे, की प्रयोग चालवणाऱ्या कॅम्डेनच्या संस्थेने ही चाचणी स्वतःहून मान्य केली होती. आपलं काम उघड्यावर तोलायला दिलं, आणि काटा हलला नाही तेही जगासमोर येऊ दिलं. या धैर्यासाठी कुठल्याच यादीत रकाना नाही.

अशी तुलना आपल्याकडेही करता येईल. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी ही आरोग्यविम्याची योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली, नांदेड, सोलापूर होते. उरलेलं राज्य पुढच्या वर्षी आलं. टप्पे तर आपण नेहमीच पाडतो. पुढच्या योजनेत पहिल्या टप्प्यातले तालुके सोडतीने ठरवले, तर खर्च तेवढाच राहील आणि योजनेने कुणाचं कर्ज वाचलं, कुणाची साखर उतरली, हे ठामपणे सांगता येईल. ऑरेगनने नाइलाजाने जे केलं ते आपण ठरवून करू शकतो. मंत्रालयात हे कुणी मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि कॉलेजांना एक विनंती. यंदा फ्लेक्स जरूर लावा, कष्ट केलेल्या माणसाचं कौतुक व्हायलाच हवं. फक्त फोटोखाली क्रमांकाऐवजी दोन ओळी लिहा: सरांनी किंवा मॅडमनी काय शोधलं, आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं. फाटकातून आत जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढं वाचता येईल.